शिळफाट्यामागचा बांध, दीड मिलिमीटरची शीट आणि भूकंपाचा हिशोब

बांध तसा छोटाच. शिळफाट्याच्या मागे डोंगराच्या पायथ्याला एका कारखान्याचा साठवण तलाव आहे, त्याचा मातीचा बांध, उंची ११ मीटर, लांबी दोनशे मीटरच्या आतबाहेर. पावसाळ्यात नाल्याचं पाणी अडवून भरतो आणि मे पर्यंत कारखाना त्यावर चालतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याची गरज पण नाही. आम्ही बेलापूरला तीन-चार जण मिळून डिझाइनचं काम करतो आणि हे काम आमच्याकडे आलं ते फक्त "गळती थांबवा" एवढ्याच वाक्यावर. भूकंपाचा विषय त्या वेळी कुणाच्या तोंडात पण नव्हता. तो कसा आला आणि त्याने आख्खं ड्रॉइंग कसं बदललं ते नीट लिहून ठेवायचं होतं म्हणून हे लिहितोय, लायनरचं, म्हणजे पाणी अडवायला अंथरायच्या प्लास्टिक शीटचं, काम करणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी गळती. बांधाच्या पायथ्याला पाझराच्या नाल्यावर ९० अंशाचा व्ही-नॉच बसवलेला होता, म्हणजे व्ही आकाराची खाच, तिच्यातल्या पाण्याच्या उंचीवरून गळती मोजतात. जुनाच, पण कुणी वाचत नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा नॉचवर १२ सेंमी पाणी होतं. म्हणजे सेकंदाला साधारण ७ लिटर, दिवसाला सहा लाख लिटर. तलाव भरलेला असताना एवढं पाणी रोज बांधातून आरपार जात होतं, आणि हे किती वर्षं चाललं होतं देव जाणे. कारण समजायला वेळ लागला नाही, ट्रायल पिट घेतला तर गाभ्यात काळी माती नावालाच, बाकी मुरूमच. ह्या पट्ट्यात चांगली काळी माती मिळत नाही, लांबून आणावी लागते, आणि तेव्हा बांधणाऱ्याने जवळचं उचललं असणार. पाणी अजून स्वच्छ येत होतं हीच काय ती समाधानाची गोष्ट. गढूळ येत असतं तर माती वाहून जातेय, बांध आतून पोखरतोय असा अर्थ झाला असता.

आणि बांधाच्या खाली वस्ती आहे. चाळीसेक घरं, एक शाळा, पलीकडे रस्ता. मालकांना पाणी वाचवायचं होतं, त्यात चूक काहीच नाही, पण मला पहिल्या दिवसापासून ती घरं दिसत होती.

ग्राउटिंग करा, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण आत भरा, असं एकाने सुचवलं होतं, पण मातीच्या भरावात दाबाने ग्राउट मारणं म्हणजे कधी कधी भेग बुजवायच्या ऐवजी नवीन पाडणं, ते मी लगेच बाजूला ठेवलं. पाण्याकडच्या उतारावर चिकणमातीचा थर द्यायचा तर माती कुठून आणायची, प्रश्न तिथेच अडत होता. मग राहिलं लायनर, एचडीपीईची, म्हणजे जाड प्लास्टिकची, दीड मिलिमीटर शीट, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे शीट जपणारं जाड कापड, वर मुरमाचा थर आणि दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड. शीट उघडी ठेवायचा विचार केला होता पण तिथे म्हशी पाण्यावर येतात, पोरं उतारावरून घसरगुंडी खेळतात, उघडी शीट तिथे दोन वर्षं टिकली नसती.

मालकांना शंका होती की प्लास्टिकच्या भरवशावर धरण कसं ठेवायचं. रास्त शंका आहे. त्यांना मी सांगितलं की हे आजचं नाही, इटलीत १९५९ मध्येच एका धरणाच्या पाण्याकडच्या बाजूला असं सिंथेटिक पटल बसवलेलं आहे, आणि आपल्या देशात तामिळनाडूतलं कदमपराई धरण बघा, दगडी धरण, गळती मिनिटाला ३८ हजार लिटरपर्यंत गेली होती, २००५ च्या सुमारास आख्ख्या पाण्याकडच्या भिंतीला पीव्हीसीची शीट लावली आणि गळती अगदी थोडक्यावर आली. कोलंबियात मिएल धरण आहे, १८८ मीटर उंच, त्याचीही पाण्याकडची बाजू पीव्हीसीने मढवलेली. ते ऐकून मालक म्हणाले, "बरं, मग करा."

इथपर्यंत सरळ होतं.

मग एका संध्याकाळी पहिलं ड्रॉइंग तपासत बसलो. ड्रॉइंगमध्ये गुळगुळीत शीट, वर ३० सेंमी मुरूम, उतार होता तोच, १ ला अडीच, म्हणजे एक मीटर उंचीला अडीच मीटर आडवं. आमच्यातला एक जण म्हणाला की भूकंपाचा चेक दाखव, नाहीतर रिपोर्ट पूर्ण होत नाही. मी म्हटलं चल करून टाकू. फॉर्मॅलिटी म्हणून करायला घेतलं आणि तिथेच सगळं अडलं.

आपल्याकडे लोकांना वाटतं ठाण्यात, नवी मुंबईत कसला भूकंप. मलाही रोजच्या जगण्यात तसंच वाटतं. पण भूकंपाच्या धोक्याचे देशात झोन पाडलेत, आकडा जितका मोठा तितका धोका जास्त, आणि २०१६ च्या आयएस १८९३ ह्या कोडच्या नकाशात आपण झोन ३ मध्ये, कोयना झोन ४ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनेला जो धक्का बसला त्यात १०३ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या धरणाला भेगा पडल्या, त्याही नेमक्या जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, नंतर मागून टेकू देऊन धरण मजबूत करावं लागलं. ते लांब वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं भातसा घ्या, धरणात पाणी साठायला लागल्यावर काही वर्षांनी, १९८३ मध्ये, खर्डीच्या बाजूला धक्क्यांची रांगच लागली, मोठ्यात मोठा पाचाच्या जरा खाली. आणि पालघरकडे, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या आसपासचे लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. शिवाय आपण बसलोय तो पट्टा म्हणजे पनवेल फ्लेक्शर, इथे बेसाल्टचे थर पश्चिमेकडे वाकून खाली गेलेत, वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं ह्याच रेषेवरची मानतात. म्हणजे उद्या भूकंप येणारच असं मी म्हणत नाहीये, पण बांध पन्नास वर्षं उभा राहायचा असेल तर हिशोबात तो धरलाच पाहिजे.

लायनर भूकंपात फायद्याचं की तोट्याचं, ह्याचं उत्तर दोन्ही.

फायदा मोठा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. शीट पाण्याकडच्या तोंडावर असली की मागचा भराव कोरडा राहतो. कोरडा भराव हलला तर थोडा दबेल, खचेल, पण ओला भराव हलला तर आतल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि मातीची ताकदच निघून जाते, चिखल होतो. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात कच्छमधल्या कितीतरी छोट्या मातीच्या धरणांचं हेच झालं, चांग नावाचं साधारण १५ मीटरचं धरण तर जवळपास पूर्ण बसलं. तलावांत त्या वेळी पाणी फार कमी होतं म्हणून खालची गावं वाचली. पण तिथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची, बऱ्याच ठिकाणी पातळ झाला तो बांधाच्या खालचा गाळ, नदीची वाळू. शीट वरच्या भरावाला कोरडं ठेवते, पायाच्या ओल्या वाळूला काही करत नाही. म्हणून आम्ही आधी पाया तपासला. नशिबाने खाली दीड-दोन मीटरवर मुरूम आणि मग खडक लागला, वाळू नाही. लागली असती तर हे आख्खं लायनरचं काम मी थांबवलं असतं.

आता तोटा. मातीच्या बांधात शीट टाकली म्हणजे आपण आपल्या हाताने एक घसरायची पातळी तयार केली. माती मातीला धरून ठेवते, प्लास्टिक धरत नाही. शीट आणि जिओटेक्स्टाइल एकमेकांवर सरकवून लॅबमध्ये टेस्ट केली तर गुळगुळीत शीटचा घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारापर्यंत वरचा थर घसरत नाही तो कोन, ११ अंश आला. १ ला अडीचचा उतार म्हणजे जवळपास २२ अंश. म्हणजे भूकंपाची वाटच बघायला नको, मुरूम टाकल्या टाकल्याच घसरणार, आणि तो शीटला वरच्या अँकर ट्रेंचमधून, म्हणजे माथ्यावर शीटची कड गाडतात त्या चरातून, लोंबकळत ठेवणार. मग दोन्ही बाजूंनी खरखरीत, टेक्स्चर्ड शीट घेतली, तिचा कोन २६ अंश. आता स्थिर अवस्थेत सुरक्षा गुणांक, म्हणजे धरून ठेवणारं बळ भागिले घसरवणारं बळ, १.२२, ठीक वाटतं ना? भूकंपाचा आडवा धक्का वजनाच्या ०.०८ पट धरला, झोन ३ साठी ०.१६ असतो त्याच्या निम्मा, आणि तोच सुरक्षा गुणांक ०.९८ वर आला. एकच्या खाली. म्हणजे धक्क्यात वरचा थर सुटून खाली येणार.

रात्री साडेअकराला ऑफिसात बसून मी तो आकडा तीनदा काढला. तीनही वेळा ०.९८.

उतार १ ला ३ केला तर स्थिर अवस्थेत १.४६ आणि भूकंपात १.१५. कागदावर एवढाच बदल, पण साइटवर त्याचा अर्थ पाण्याकडून हजारो घनमीटर जादा भराव, डंपरच्या फेऱ्या, तलावाची थोडी साठवण कमी, आणि जानेवारीत सुरू करून मे संपायच्या आत सगळं उरकायचं. मालकांना सांगायला गेलो तर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "साहेब, एवढ्याशा बांधाला एवढं?" मी त्यांना बांधाच्या माथ्यावर नेलं आणि खालची शाळा दाखवली, वेगळं काही बोललो नाही. आठवड्याने त्यांचा होकार आला. त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून मनापासून आदर आहे, कारण खर्च त्यांचा होता.

मागे पाझर गोळा करायला शीटच्या खाली ड्रेनचा थर पण दिला, पायथ्याशी पाइपमधून नॉचकडे नेला. हे विसरू नका, शीटमागे पाणी साचलं आणि तलाव पटकन रिकामा झाला तर तेच पाणी शीटला आतून फुगवतं. वरच्या मुरमाचंही तसंच, पाणी झटकन उतरलं तर मुरूम ओलाच राहतो, जड होतो, म्हणून त्यातही खडीचा पट्टा.

काम सुरू झालं. शीटचे रोल सात मीटर रुंद, उतारावरून खाली सोडायचे, दोन पट्ट्या वेज मशीनने, म्हणजे गरम पाचरीच्या वेल्डिंग मशीनने, जोडायच्या, जोडात दोन समांतर वेल्ड आणि मध्ये हवेची नळी, त्या नळीत दोन बारपर्यंत हवा भरून पाच मिनिटं काटा बघायचा. काटा पडला नाही की जोड पास. मशीन चालवणारी पोरं उत्तम होती, त्यांच्या हाताला सवय होती. हा भाग मी पटकन सोडतो, कारण सरळ जोडात आम्हाला फारसा त्रास झालाच नाही.

त्रास झाला तो विमोचकाच्या विहिरीपाशी. पाणी सोडायची काँक्रीटची विहीर उतारात अर्धी गाडलेली आहे, उभ्या भिंतीची, चौकोनी. शीट तिथे येऊन काँक्रीटला बांधायची असते, स्टेनलेस स्टीलची पट्टी, खाली रबरी गॅस्केट, दर १५ सेंमीवर बोल्ट. लायनरच्या कॉन्ट्रॅक्टरने ते काम एका दुपारी उरकलं. अतिशय व्यवस्थित दिसत होतं, एक सुरकुती नाही, मलाही दुपारी बघताना छान वाटलं आणि मी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी साइटवर होतो, काँक्रीटची गाडी यायची होती म्हणून. फेब्रुवारीची थंडी होती. टॉर्च मारला तर विहिरीच्या कोपऱ्यात शीटचा रंग वेगळा दिसला, जवळ गेलो, बोटाने टिचकी मारली तर आवाज आला. ढोलकीच्या पुडीसारखा. हात खाली घातला तर कोपर आत गेलं, शीट आणि जमिनीच्या मध्ये वीतभर पोकळी. दुपारच्या उन्हात तापून पसरलेली शीट घट्ट ओढून बोल्ट केली होती, रात्री ती आक्रसली आणि कोपऱ्यात हवेत ताणली गेली. एचडीपीई तापमानाला फार हलते, तीस मीटरच्या पट्टीत दुपार-पहाटच्या फरकाने पंधरा-वीस सेंमी सहज. आमच्या चौकीदार काकांनी पण टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "साहेब, हे तर वाजतंय." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं की पाणी भरलं की शीट आपोआप खाली बसेल, शीट ७०० टक्के ताणते, डेटाशीट बघा. गुळगुळीत शीटच्या डेटाशीटवर ७०० लिहिलेलं असतं हे खरं आहे, खरखरीत शीटला तो आकडा कितीतरी कमी असतो, पण ७०० बघूनच लोक निर्धास्त होतात. आणि दोन्हींच्या डेटाशीटवर वर एक ओळ असते, यील्ड १२ टक्के, म्हणजे तिथपर्यंतच शीट सगळीकडे सारखी ताणते. त्याच्या पुढे शीट एकाच जागी पातळ होत जाते, बाकीची शीट मदतीला येत नाही. आणि हा लॅबमधल्या स्वच्छ तुकड्याचा आकडा, वेल्डच्या कडेला, ओरखड्यापाशी, बोल्टच्या भोकापाशी त्याहून कितीतरी कमी. आता त्यात भूकंप धरा. काँक्रीटची विहीर हलते वेगळी, भराव हलतो वेगळा, भराव पाच-दहा सेंमी खचला तर विहीर खचणार नाही, ती खडकावर आहे. तो सगळा फरक कुठे येणार? त्या एका कोपऱ्यात, आधीच ताणलेल्या शीटवर. आणि शीट तिथे फाटली तर वर तलावभर पाणी आणि आत मुरूम.

आम्ही तो आख्खा कोपरा कापून काढला. वाद झाला, आवाज चढले, दोन दिवस काम बंद राहिलं, पण मी सही केली नाही. मग विहिरीच्या उभ्या भिंतीला बाहेरून काँक्रीट देऊन तिला थोडा उतार दिला, म्हणजे भराव खचला तरी भिंतीला दाबूनच खाली जाईल, मध्ये फट पडणार नाही. कोपरे गोल केले. खाली जिओटेक्स्टाइल दुहेरी. आणि शीट बांधताना पट्टीच्या आधी एक सैल घडी ठेवली, लुगड्याच्या निरीसारखी, की गरज पडली तर ती उलगडेल. सगळं पहाटे केलं, सूर्य वर यायच्या आत बोल्ट बंद.

ह्याच सुमारास मी एक गोष्ट वाचली त्याने मला माझंच काम परत तपासायला लावलं. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, ६.७ चा. तिथे चिक्विटा कॅन्यन नावाच्या कचऱ्याच्या लँडफिलमध्ये उतारावर हीच दीड मिलिमीटरची एचडीपीई होती आणि ती दोन ठिकाणी फाटली, एक फाट चारेक मीटर, दुसरी तेवीस मीटर. तपास करणाऱ्यांनी मागे मागे जाऊन बघितलं तर फाट सुरू झाली होती ती वेल्डची टेस्ट करायला कापून घेतलेल्या तुकड्याच्या जागी, जिथे नंतर पॅच मारला होता. म्हणजे जोड चांगला आहे हे सिद्ध करण्यासाठी जिथे कापलं, तिथूनच शीट गेली.

माझ्या ड्रॉइंगवर टेस्टचे तुकडे कुठे होते? दर १५० मीटर वेल्डमागे एक, उतारावर, त्यातले तीन वरच्या अँकर ट्रेंचच्या लगेच खाली. मीच मार्क केलेले. जिथे भूकंपात सगळ्यात जास्त ताण येणार तिथेच मी भोकं पाडायला सांगितली होती. दोन तुकडे कापून झाले होते. त्या दोन जागी पॅचच्या जोडीला ट्रेंचमधून वेगळी जादा पट्टी घेऊन ती पॅचच्या खालपर्यंत आणली, म्हणजे ओढ आली तर पॅचवर एकट्यावर यायची नाही, आणि बाकी सगळे तुकडे जोडाच्या शेवटी, ट्रेंचच्या आत जो भाग गाडला जातो तिथून घेतले. वेल्ड तोच, माणूस तोच, मशीन तेच, टेस्टही तेवढीच खरी, फक्त भोक उतारावर राहत नाही. आता आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर ही टीप असते आणि तुम्ही लायनरचं काम करत असाल तर आजच तुमचं ड्रॉइंग उघडून बघा, एवढीच माझी विनंती आहे.

वरचं ट्रेंच पण आम्ही बदललं. आधी शीट ट्रेंचमध्ये टाकून वरून काँक्रीटने गच्च करायची होती. पण गच्च धरलेली शीट जाणार कुठे, ती फाटणारच, त्यापेक्षा मातीने भरलेलं ट्रेंच बरं, खूप मोठी ओढ आली तर शीट थोडी सरकून बाहेर येईल. सरकलेली शीट पाण्याच्या पातळीच्या वर दिसते, दुरुस्त करता येते. फाटलेली शीट मुरमाखाली, पाण्याखाली, ती शोधणार कशी.

मे च्या शेवटी पिचिंग संपलं. जुलैत तलाव अर्धा भरला, ऑगस्टमध्ये सांडव्यावरून पाणी गेलं. नॉचवर आधी पाच सेंमी होतं, जुन्या भरावातलं साठलेलं पाणी निघत असणार असं आम्ही धरून चाललो, मग हळूहळू उतरत ऑक्टोबरला अडीच सेंमीवर स्थिरावलं. अडीच सेंमी म्हणजे दिवसाला बारा हजार लिटरच्या आत. शून्य नाही, शून्य होणार पण नव्हतं, खालच्या खडकातून थोडं येतच राहणार.

नॉचशेजारी आता एक पाटी लावलीय आणि चौकीदार काकांकडे एक वही आहे, तीन रकाने, तारीख, सेंमी, पाणी स्वच्छ की गढूळ. त्यांना सांगून ठेवलंय की जमीन हलल्यासारखी वाटली, अगदी भांडी वाजली तरी, आधी तासाभरात नॉच बघायचा, मग ट्रेंचच्या कडेने चालत जाऊन भेग आहे का बघायची, मग विहिरीचा कोपरा, आणि मग मला फोन, कितीही वाजलेले असू देत. पाणी गढूळ दिसलं तर माझ्या आधी शाळेत आणि वस्तीत. काकांचा मुलगा रोज सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. आजच्या पानावर लिहिलंय, अडीच, स्वच्छ.